दहा पाणी

फोटो धुवायला दहा पाणी लागतात, हे मला तेराच्या पाढ्याआधी पाठ झालं. पहिल्या दोन पाण्यांत वरवरचं औषध सुटतं, पाचव्यापर्यंत बोटांना येणारा वास जातो, आणि नंतरची पाच पाणी दिसण्यासाठी नसतातच, ती टिकण्यासाठी असतात, असं आप्पा सांगायचे. आप्पा म्हणजे माझे वडील. औषधाचं नाव हायपो. कागदावर उमटलेलं चित्र पक्कं करायला तो लागतो, पण त्याचं काम झालं की त्याला कागदातून हाकलून लावावं लागतं. जरा जरी मागं राहिला तरी पाच वर्षं, दहा वर्षं गप बसतो आणि मग आतून कागद पिवळा करत, तांबूस करत चित्र खात जातो. "हायपो काही विसरत नाही, सुमे," आप्पा म्हणायचे. माणसंही विसरत नाहीत, पण ते त्यांना सांगायला आमच्या घरात कुणी नव्हतं.

आमचं घर सिडकोत, दोन खोल्यांचं, पुढं हातभर अंगण आणि मागं न्हाणी. आप्पा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करायचे. केसाएवढा फरक त्यांच्या नजरेतून सुटायचा नाही असं त्यांचे सोबती सांगायचे, आणि घरी आलं की याच माणसाला पायाशी ठेवलेली रिकामी कळशी दिसायची नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, आमच्याकडे तो ट्यूबलाइटखाली होता. नळाला तिसऱ्या दिवशी पाणी यायचं, उन्हाळ्यात चौथ्या-पाचव्या, तेही आलं तर आलं. आज शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, पाण्याची पाळी काही बदलली नाही, त्यामुळं इथल्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज पडू नये. पाणी आणणं, भरणं, पुरवणं हे सगळं मायकडं. माझी आई सिल्लोडकडच्या एका खेड्यातली, मी तिला माय म्हणायची. न्हाणीच्या दारात एक लोखंडी ड्रम होता. त्यात किती पाणी उरलंय हे बघायला माय कधी झाकण उघडायची नाही. बोटाचं पेर ड्रमवर वाजवायची, कान द्यायची आणि सांगायची, "चार घागरी हायेत." चार म्हणजे चारच निघायच्या. त्या पेराचा ठक्क आवाज आणि भाकरी थापल्याचा आवाज, मला माझं लहानपण आठवतं ते या दोन आवाजांनी. भाकरी ती दोन्ही हातांवर फिरवत थापायची, परातीला लावायचीच नाही. चुलत्यांकडून लासूर स्टेशनहून ज्वारी यायची, आणि त्या भाकरीबरोबर येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी असली की आप्पासुद्धा जेवताना बोलायचे थांबायचे.

कॅमेरा जुना घेतलेला होता, पण आप्पांनी तो देवासारखा ठेवला होता. देवालासुद्धा आमच्याकडं रोज पुसत नव्हते. फोटो मोठा करायचं यंत्र, म्हणजे एन्लार्जर, त्यांनी दुधाच्या किटलीचं स्वतः बनवलं होतं. वर बल्ब, खाली भिंग, बाजूला सायकलच्या सुट्या भागांची दांडी. शहरात हौशी छायाचित्रकारांचं एक मंडळ होतं. त्यात डॉक्टर, वकील, कॉलेजातले प्राध्यापक अशी मंडळी, आणि कारखान्यातले एकटे आप्पा. महिन्यातून एकदा तिथं बैठक व्हायची, सगळे आपापले फोटो भिंतीला टेकवून ठेवायचे आणि एकमेकांच्या उजेड-सावलीवर बोलायचे. मला आप्पा बरोबर न्यायचे. मंडळाच्या पायऱ्या चढता चढता त्यांची भाषा बदलायची. घरातलं "न्हाई" तिथं "नाही" व्हायचं, "इथं"चं "इथे" व्हायचं, आणि मंडळाच्या अध्यक्षांशी, डॉक्टरसाहेबांशी बोलताना तर ते शाळेतल्या पुस्तकासारखे बोलायचे. डॉक्टरसाहेब माणूस वाईट नव्हता. आप्पांचे फोटो बघून तो म्हणायचा, "तांत्रिक दृष्ट्या निर्दोष आहे हो, पण काळजाला हात घालत नाही." हे वाक्य आप्पा सायकलवरून घरापर्यंत आणायचे आणि मग आठवडाभर ते आमच्या घरात राहायचं. वार्षिक प्रदर्शनात मधल्या भिंतीवर एकदा आपला फोटो लागावा, एवढंच त्या माणसाला हवं होतं. त्यासाठी त्यांनी काय काय दिलं, आणि कुणाचं दिलं, ते पुढं येईलच.

रविवारी दुपारी न्हाणीची अंधारखोली व्हायची. खिडकीला घोंगडं, दाराच्या फटीला मायचं जुनं लुगडं, आणि आत लाल बल्ब. तीन ट्रे एका फळीवर, चौथी माझी घमेल्यातली धुण्याची जागा. मी घामानं निथळायची, पण मला तिथून कुणी ओढून काढलं असतं तरी मी निघाले नसते. कोरा कागद औषधात टाकला की आधी काहीच नसायचं, मग कडेला एक काळी रेघ, मग बिबी का मकबऱ्याचा मिनार, मग पुढच्या म्हाताऱ्याचा फेटा, असं एकेक वर यायचं. आप्पा तेव्हा माझ्याशी जेवढं बोलायचे तेवढं बाहेर उजेडात कधी बोलले नाहीत. पाणी बदलताना मी मोठ्यानं मोजायची, सहावं, सातवं, आणि ते अंधारातून "शाब्बास" म्हणायचे. धुतलेले फोटो आम्ही कपाटाच्या आरशावर ओले चिकटवायचो, चकाकी यावी म्हणून. वाळले की ते आपोआप टच्च करून सुटायचे आणि खाली पडायचे. संध्याकाळभर घरात तो टच्च टच्च आवाज चालायचा, आणि प्रत्येक आवाजाला मी पळायची. माय मात्र त्या आवाजाकडं बघायची नाही, ती ड्रम वाजवून बघायची. दहा पाण्यांचा एक रविवार म्हणजे तिच्या दोन दिवसांच्या घागरी. ती कधीमधी म्हणायची, "आडातच नाय तर पोहऱ्यात कुठून येनार?" आप्पा म्हणायचे, ही म्हण त्यांनी ऐकलेली आहे.

मायचा फोटो आप्पांनी कधी काढला नव्हता. लग्नातलाही नव्हता, तेव्हाचा फोटोवाला आलाच नाही म्हणे. एकदा दिवाळीच्या पाडव्याला तिनं लग्नातला शालू नेसला, केसात फूल माळलं आणि अंगणात येऊन उभी राहिली. नुसती उभी राहिली. आप्पांनी कॅमेरा उचलला, डोळ्याला लावला, मला आनंदानं धाप लागली. मग त्यांनी तो खाली घेतला आणि म्हणाले की आज ढग आहेत, उजेड सपाट आहे, चेहऱ्यावर काही उमटणार नाही, रीळ फुकट जाईल. माय आत गेली, शालू घडी करून ठेवला आणि चकल्या तळायला बसली. घरच्या माणसांचे फोटो काढणं हे स्टुडिओवाल्याचं काम, कलावंताचं नव्हे, असं आप्पा मला नंतर समजावून सांगत होते. आणि मला ते पटलं होतं. ते मला पटलं होतं, हे आज लिहिताना माझी मलाच लाज वाटते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात नळ आटले आणि कॉलनीत टँकर यायला लागला. प्रदर्शनाचा विषय होता 'पाणी'. आप्पा महिनाभर हर्सूलचा तलाव, विहिरी, रहाट यांचे फोटो काढत फिरत होते आणि डॉक्टरसाहेबांना त्यातलं काहीच आवडत नव्हतं. एका रविवारी सकाळी टँकरचा भोंगा वाजला आणि माय दोन घागरी घेऊन धावली. मी कळशी घेऊन तिच्या मागं. आप्पा पहिल्यांदाच टँकरपाशी आले. मला वाटलं मदतीला आले. त्यांच्या गळ्यात कॅमेरा होता.

टँकरभोवती चिखल झाला होता, पाइपावरून बाया भांडत होत्या, शेजारच्या मुसलमान घरातल्या खाला सगळ्यांना रांगेत लावायचा प्रयत्न करत होत्या. मायनं एक घागर भरून डोक्यावर घेतली, दुसरी कमरेवर, आणि नालीवरच्या फरशीवर पाय ठेवला. फरशी हलली. डोक्यावरची घागर कलायला लागली. तिचा एक हात कमरेच्या घागरीला गुंतलेला, दुसरा वरच्या घागरीला पुरेना. समोर पाच-सहा हातांवर आप्पा एक गुडघा टेकून बसले होते. मी तिच्या बाजूलाच होते, म्हणून मला स्पष्ट ऐकू आलं. ती म्हणाली, "अहो, धरा. घागर धरा."

आप्पांनी बटण दाबलं. मग अंगठ्यानं दांडी सरकवून रीळ पुढं घेतलं, पुन्हा बघितलं, आणि तेवढ्यात माय पडली. घागर फुटली नाही, तांब्याची होती, ती गडगडत नालीत गेली. माय उजव्या हातावर पडली. आप्पा उठले. आधी त्यांनी भिंगाला टोपण लावलं, मग कॅमेरा चामड्याच्या पेटीत घातला, पेटीचं बटण लावलं, आणि मग ते पुढं आले. तोवर खालांनी मायला काखेत हात घालून बसवलं होतं. त्या आप्पांना म्हणाल्या, "भाईजान, वो डब्बा रखो बाजूकू, पैले इनकू देखो." आप्पा म्हणाले, मुरगळला असेल.

मुरगळला असेल, असं पंधरा दिवस चाललं. हळद आणि तेल लावून फडक्यानं हात गळ्यात अडकवला. प्रदर्शन जवळ आलं होतं आणि आप्पांना कारखाना सुटल्यावर एक मिनिट उसंत नव्हती. माय डाव्या हातानं स्वयंपाक करायची आणि पाणी मी आणायची. त्या दिवसांत मला पहिल्यांदा कळलं की घागर भरलेली असली की ती डोक्याला नाही, मानेच्या मागं लागते. मी बारा वर्षांची होते. एका घागरीला मी तीन वेळा टेकायची. ड्रम भरायला सकाळ जायची.

माय पडली त्याच्या पुढच्या रविवारी आप्पांनी तो फोटो मोठा केला. मोठा म्हणजे आमच्या घरात तोवर झाला नव्हता एवढा मोठा. लाल उजेडात तो कागद औषधात हलला आणि आधी घागर आली, मग कपाळ, मग डोळे, मग उघडं तोंड. मायचं तोंड. आप्पांचा श्वास मला ऐकू येत होता. ते हळूच म्हणाले, "आला. सुमे, काळजाला हात घालणारा आला." त्यांनी त्याच्या मागोमाग तळ्याचे आणि विहिरीचे आणखी तीन फोटो केले, सगळे हायपोतून काढून माझ्या घमेल्यात टाकले, आणि मला सांगितलं की मोठा एकटा धुवायचा, दहा पाण्यांतून, हा आपला फोटो आहे. मग हात पुसून ते सायकल काढून डॉक्टरसाहेबांकडं सांगायला गेले. मी त्यांना थांबवलं नाही.

मी घमेल्यापाशी बसले. आतल्या खोलीत माय आडवी झाली होती. ड्रम मी सकाळीच भरला होता, माझ्या मानेनं. मी मोठ्या फोटोवर एक पाणी घातलं, ओतलं. दुसरं घातलं, ओतलं. तिसऱ्यासाठी तांब्या ड्रममध्ये बुडवला आणि तिथंच थांबले. पाण्याखाली मायचं तोंड उघडं होतं आणि ती मलाही तेच म्हणत होती असं मला वाटलं. मी तांब्या ड्रममध्येच परत ओतला. तळ्याला आणि विहिरींना मात्र मी दहा-दहा पाणी दिली, मोठ्यानं मोजून, कारण त्यांच्यावर माझा राग नव्हता. आप्पा आले तेव्हा चारही फोटो आरशावर होते. त्यांनी विचारलं, दहा? मी म्हटलं, दहा. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं थंड डोक्यानं बोललेलं खोटं, आणि ते मला मुळीच जड गेलं नाही.

आप्पांनी फोटोला नाव दिलं 'आर्त'. मधली भिंत मिळाली, पहिलं बक्षीस मिळालं. उद्घाटनाला त्यांनी मायला मुद्दाम नेलं. ती हिरव्या लुगड्यात, गळ्यात हात अडकवलेला, स्वतःच्याच फोटोखाली उभी. लोक थांबायचे, मान हलवायचे, एक प्राध्यापक म्हणाले की या मुखावर संबंध मराठवाड्याची वेदना आहे. मग डॉक्टरसाहेबांनी मोठ्या आदरानं मायला विचारलं, "वहिनी, त्या क्षणी तुमच्या मनात काय चाललं होतं?"

माय म्हणाली, "मनात काय असतंय. ह्यांना म्हनत होते, अहो, घागर धरा."

मग सगळे हसले. इतके मनापासून हसले की पलीकडच्या भिंतीपाशी उभे असलेलेही काय झालं म्हणून बघायला आले. आप्पा सगळ्यात जास्त हसले आणि म्हणाले, "आमची मंडळी पहिल्यापासून विनोदी आहे." माय हसली नाही. तिनं एकदा फोटोकडं बघितलं, एकदा आप्पांकडं, आणि पदर सारखा केला. त्या एका हसण्यात आमच्या घरातलं काहीतरी कायमचं मोडलं, आणि हात तर आधीच मोडलेला होता. तो डॉक्टरसाहेबांनी त्याच हॉलमध्ये खुर्चीवर बसवून बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. हाड वाकडं बसायला लागलं होतं. प्लास्टर झालं, निघालं, पण मनगट पुन्हा पूर्ण वळलं नाही. मायची भाकरी त्यानंतर एका बाजूला जाड राहायला लागली. थापण्याचा आवाजही बदलला, एक थाप मोठी आणि एक लंगडी. आप्पांनी कधी तक्रार केली नाही. जाड बाजू ते ताटात ठेवून उठायचे.

या फोटोची निगेटिव्ह मंडळानं स्मरणिकेत छापायला म्हणून नेली ती परत आलीच नाही. स्मरणिकेत छापलं गेलं ते शाईचं डबकं, त्यात मायसुद्धा ओळखू येत नव्हती. त्यामुळं उरला तो एकच मोठा फोटो, आणि तो आमच्या पुढच्या खोलीत, दारासमोर लागला. येणाऱ्या प्रत्येकाला आप्पा त्याची गोष्ट सांगायचे, उजेड कुठून आला आणि त्यांनी किती कमी वेळात निर्णय घेतला ते. माय पाणी आणून द्यायची. मी कॉलेजात गेले, माझं लग्न झालं, मीही नोकरी धरली. प्रत्येक दिवाळीला मी माहेरी आले की आधी त्या भिंतीकडं बघायची. लग्नानंतरच्या तिसऱ्या का चौथ्या दिवाळीला कडेला चहा सांडल्यासारखा डाग आला. मग तो आत सरकत गेला. आप्पा कागदवाल्याला शिव्या द्यायचे. मला तेव्हा आनंद व्हायचा. खोटं कशाला सांगू, डाग जेवढा वाढायचा तेवढं मला बरं वाटायचं.

इथं थोडं आजचं सांगते. निवृत्त झाल्यावर मीही कॅमेरा घेतला, बिनरिळाचा, आणि इथल्या हौशी लोकांच्या एका ग्रुपबरोबर रविवारी सकाळी बाहेर पडते. रक्तच ते, जाणार कुठं. मागच्या उन्हाळ्यात आम्ही एका वाडीवर गेलो होतो. हापशावर बाया होत्या आणि आमची पंधरा माणसं तोफा लावल्यासारखी भिंगं लावून समोर बसलेली. एका म्हातारीला हंडा उचलून डोक्यावर घेता येत नव्हता. मी कॅमेरा पाठीवर टाकला आणि हंड्याला हात लावला. मागून एक तरुण म्हणाला, "काकू, फ्रेममधून जरा बाजूला व्हा ना." मी झाले नाही. परतीच्या गाडीत माझ्याशी कुणी बोललं नाही आणि त्या संध्याकाळी ग्रुपवर दीडशे फोटो आले, त्यातल्या तेरांमध्ये माझी पाठ आहे.

आप्पांनी डिजिटल कॅमेरा घेतला तो निवृत्तीनंतर. त्यांना तो माझ्या मुलानं, निखिलनं शिकवला, तेव्हा तो शाळेत होता. आप्पा एक फोटो काढायचे आणि त्यांचा उजवा अंगठा आपोआप त्या जुन्या दांडीकडं जायचा, रीळ पुढं घ्यायला. दांडी नव्हतीच. अंगठा हवेत सरकायचा आणि परत यायचा. मरेपर्यंत त्यांची ती सवय गेली नाही. कॅमेरा पहिल्यांदा घरी आला त्या दिवशी मी तिथंच होते. आप्पा मायला दाखवत होते की हे बघ, काढला की लगेच दिसतो, औषध नको, अंधारखोली नको. माय बराच वेळ बघत राहिली आणि तिनं एकच विचारलं, "ह्याला पानी लागत नाय ना?" आप्पा म्हणाले, थेंबभरही नाही. माय म्हणाली, "मग लई उशीर केला ह्यानं यायला." आणि ती आत गेली.

मग आप्पांच्या मनात आलं की जुने फोटो या कॅमेऱ्यात उतरवून घ्यावेत. त्यांनी पेट्या काढल्या, आणि भिंतीवरून तो मोठा फोटोही उतरवला. काच काढून अंगणात उन्हात धरला. भिंतीवर रोज बघून आम्हाला सवय झाली होती, पण उन्हात तो काय झालाय ते दिसलं. घागर होती, पाठीमागचा टँकर होता, आणि चेहऱ्याच्या जागी तांबूस डाग. डोळे कुठं होते ते माहीत असलं तरच दिसत होते. तोंड तर नव्हतंच. आप्पांनी पेटीतून त्याच दिवशीचे तळ्याचे आणि विहिरींचे तीन फोटो काढले आणि त्याच्या शेजारी ठेवले. ते कालच धुतल्यासारखे स्वच्छ होते. सगळा जन्म तपासणी खात्यात काढलेला माणूस तो, चारही कागदांकडं त्यानं वाकून वाकून बघितलं. म्हणाले, एकाच पाकिटातला कागद, एकाच ट्रेमधला हायपो, एकच दिवस. मग चष्मा काढून माझ्याकडं बघितलं.

"सुमे, हा दहा पाण्यांतून काढला होतास ना?"

आत माय भाकरी थापत होती, ती एक मोठी आणि एक लंगडी थाप चाललेली होती. माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं, घागर, फरशी, टोपण, हसू, सगळं. पंचवीस वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली तो समोर उभा होता. पण समोर बघितलं तर एक म्हातारा माणूस, हातात आपलं एकुलतं एक बक्षीस घेऊन, अंगठा विनाकारण हलवत. मी म्हटलं, "दहा पाण्यांतून, आप्पा. मोजून." आतली थाप थांबली. आप्पांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले की मग कागदातच दोष असणार, आणि त्यांनी तो फोटो उलटा करून बाजूला ठेवला. त्यांना कळलं होतं असं मला आज वाटतं. पण त्यांनी ते मला कळू दिलं नाही, आणि आता विचारायला ते नाहीत.

गेल्या महिन्यात निखिलनं त्या डागाळलेल्या फोटोचा फोटो काढून फोनमधल्या कुठल्याशा सोयीनं तो दुरुस्त केला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. चेहरा परत आला. गोरापान, नितळ, ओठ मिटलेले, कोपऱ्यात बारीकसं हसू. सगळ्यांनी बदामाची चित्रं पाठवली, आजी किती गोड हसतेय म्हणून लिहिलं. मी लिहिलं की ही तुमची आजी नव्हे, आणि निखिलला वाईट वाटलं. त्याचा काय दोष. त्या मशीनला जिथं काही नव्हतं तिथं काहीतरी भरायचं होतं, आणि काही नव्हतं हे माझं काम होतं. माझ्या मायचं तोंड उघडं होतं. ती बोलत होती. तिच्या समोरच्या माणसानं ते ऐकलं नाही, हॉलभर लोकांनी ते हसण्यावारी नेलं, आणि एकट्या मीच ते ऐकलं होतं तर ते पुसूनही मीच टाकलं.

फोटो उन्हात धरला त्या दिवशी आप्पा अंगणात पेट्या आवरत बसले आणि मी आत गेले. मायनं माझ्याकडं बघितलं नाही. तवा तापला होता. डाव्या हातानं तिनं भाकरी उचलून तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, आणि सावकाश म्हणाली, "त्यो फोटू धुतलास त्या दिशी तू झोपल्यावर मी ड्रम वाजवून बघितला व्हता. लईच भरलेला व्हता."

मी म्हटलं, "माय, तुझ्यासाठी केलं मी ते."

"ठावं हाय मला. घरात कुनाला तरी राग आला म्हनून तवा बरं वाटलं व्हतं." तिनं भाकरी उलटली, जाड बाजू विस्तवाकडं केली आणि पदरानं कपाळ पुसलं. "पर सुमे, त्यांचे फोटू पेट्या भरून हायेत गं. माझा तेवढा एकच व्हता."